मार्सी म्हणजे मी नव्हे

१४ मार्च १९९४, सोमवार. ब्रनो

गॉर्डन प्रुइट हा माणूस नाही, पाकीटमार आहे. पाकीटमार निदान तोंड चुकवून पळतो. हा माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कपातून कॉफी पीत बसला आणि वर आपली पटकथा पुढे करून म्हणाला, "वाच ना. तुझं मत माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे."

दोन वर्षं आम्ही चार अमेरिकन या फ्लॅटमध्ये राहिलो. दिवसा शाळांतून इंग्रजी शिकवायचं, संध्याकाळी बिअर प्यायची आणि युरोपचं काय चुकतं यावर बोलायचं. मग एकेक जण परत गेला. मी राहिले. गॉर्डन न्यू जर्सीला गेला, पैशांसाठी आपल्या दंतवैद्य मामाला गळ घातली आणि आता कॅमेरा, दोन नट आणि मूठभर माणसं घेऊन सिनेमा काढायला परत आला आहे. विषय : युरोपात राहणारे तरुण अमेरिकन. विनोदी प्रेमकथा. कथा घडते प्रागमध्ये, पण प्राग त्याला परवडत नाही, म्हणून आमच्या ब्रनोने प्राग व्हायचं.

"उपहास आहे गं, पण मायेने केलेला," म्हणाला.

त्यात मार्सी नावाची एक बाई आहे. ओहायोची. मी ओहायोची. मार्सी ट्राममध्ये अनोळखी लोकांकडे बघून हसते आणि कोणी परत हसलं नाही, की त्यांनी किती सोसलंय हे आठवून त्यांना क्षमा करते. मार्सी हॉटेलातल्या मेनूमधलं इंग्रजी न मागता दुरुस्त करून देते. (हे मी एकदाच केलं आहे. फार तर दोनदा.) मार्सीचा एक झेक मित्र आहे, होन्झा. अंगाने अस्वल. अख्ख्या सिनेमात तो तीन वाक्यं बोलतो, त्यातलं एक म्हणजे 'हो'. शेवटी मार्सी दोन सुटकेस घेऊन अमेरिकेला परत जाते, कारण ज्या लोकांना सुधारायचं, त्यांच्यावर प्रेम करणं तिला जमत नाही. हे असंच्या असं लिहिलंय.

"मार्सी म्हणजे मी?"

"छे छे. मार्सी म्हणजे आपण सगळेच."

"मग तीच एकटी ओहायोची का?"

"ओहायो हे मुळातच विनोदी आहे, लॉर्ना. त्याला मी काय करू?"

कॉफी संपव आणि चालता हो, असं त्याला सांगितलं. त्याने संपवली. मग म्हणाला, भाषा आणि परवानग्या सांभाळायला सेटवर कोणीतरी हवंय, आणि गाव तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. मी हो म्हटलं. असल्या माणसावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच.

१७ मार्च

लाइटमन म्हणून व्होयतेखला लावून दिलं. व्होयतेख नाट्यगृहात दिवे सांभाळतो आणि वर्षभर माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येतो. वर्ग सुटला की आम्ही एकाच ट्रामने जातो. त्याचं घर खरं तर उलट्या बाजूला आहे, पण त्याला फिरून जायला आवडतं.

आज ट्राममध्ये त्याला होन्झाबद्दल सगळं सांगितलं. "हा तुझा अपमान आहे," मी म्हटलं. "तुला राग यायला हवा."

"मला वाटतं—"

"वाटण्याचा प्रश्नच नाही! तू पुस्तकं वाचतोस, तुला मतं आहेत, आणि तो तुला मुका करून ठेवतोय. तुम्ही लोक सगळं गिळता. चाळीस वर्षं कम्युनिस्टांचं राज्य गिळलंत, अजून सवय गेली नाही."

व्होयतेख खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला पटलं असावं.

उतरताना तो म्हणाला, "ईस्टरला माझी आई—"

ईस्टर म्हटल्याबरोबर माझं डोकं पुन्हा फिरलं, कारण पटकथेत ईस्टरचाही प्रसंग आहे. ईस्टरच्या सोमवारी इथले पुरुष वाळुंजाच्या ओल्या काड्यांची वेणी घेऊन दारोदार फिरतात आणि बायकांच्या पोटऱ्यांवर सपासप मारतात. कशासाठी, तर म्हणे वर्षभर बाई वाळू नये म्हणून! आणि बाया चिडायचं सोडून त्या छडीला रिबिनी बांधतात, रंगवलेली अंडी देतात, वर दारू पाजतात. मी व्होयतेखला स्पष्ट सांगितलं : ज्या घरात सणाच्या नावाखाली बायकांना मारतात, त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही.

"बरं," तो म्हणाला.

मग ट्रामचं दार बंद झालं. आईबद्दल काय सांगत होता, ते राहूनच गेलं.

२३ मार्च

आज आमच्याच जिन्यात शूटिंग. प्रसंग : मार्सी जिन्यातल्या फलकावर सूचना लावते.

अशी सूचना गेल्या ईस्टरला मी खरोखरच लावली होती. 'या इमारतीत राहणाऱ्या सर्व पुरुषांस नम्र विनंती', आणि खाली स्त्रीच्या शरीरावर तिचाच अधिकार कसा असतो, याचे सहा मुद्दे. रात्रभर शब्दकोश घेऊन बसले होते. गॉर्डनने ती शब्दन् शब्द उचलली आहे, झेकमधल्या माझ्या चुकांसकट. माझी मूळ सूचना अजून फलकावर आहेच. कोणी काढली नाही. गॉर्डनच्या माणसांनी तिच्यावरच कॅमेरा लावला. नवीन लिहायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

मार्सीचं काम करणारी ब्रिजेट कॅलिफोर्नियाची आहे. ती दिवसभर माझ्या मागे मागे होती. मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, की तीही घेई. मी कपाळावर आठ्या घातल्या, की तीही घाली. "तुम्ही रागावता तेव्हा नाकाने श्वास घेता का हो?" असं विचारलं. मी नाकानेच श्वास घेत म्हटलं, "मी रागावत नाही."

झेक कामगार हसले. व्होयतेख शिडीवर होता. तो हसला की नाही, ते खालून दिसलं नाही.

अकरा वाजता पेट्रोव्हच्या टेकडीवरल्या चर्चची बाराची घंटा झाली आणि गॉर्डनने जेवणाची सुट्टी देऊन टाकली. आमच्या गावात बाराची घंटा अकराला वाजते, शेकडो वर्षांपासून. दोन वर्षं इथे राहून त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. असा हा माणूस लोकांवर सिनेमे काढणार!

जेवताना त्याला गाठलं. "तुझी चेष्टा आपल्यावर आहे म्हणतोस ना? मग होन्झा कशाला मधे भरडतोस? विनोद आपला आणि चेहरा त्याचा?"

"अगं, होन्झा तर अख्ख्या सिनेमातला एकमेव शहाणा माणूस आहे. म्हणून तर गप्प आहे."

"गप्प माणूस शहाणा असतो, हे सांगायला तुला नटाची गरज नाही, दगड पुरेल."

"मग तू सांग, शेवट काय करू? मार्सी काय करते?"

"राहते."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? स्वतःसाठी."

गॉर्डनने ब्रेडचा तुकडा रश्श्यात बुडवला. "स्वतःसाठी राहिलेल्या बाईची प्रेमकथा होत नाही, लॉर्ना. त्याला भाडेकरार म्हणतात."

मी माझं ताट उचललं आणि झेक कामगारांत जाऊन बसले.

३० मार्च, बुधवार

आज मी शूटिंग थांबवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

ईस्टरच्या प्रसंगाची तालीम होती. होन्झाचं काम करणाऱ्या नटाला छडी कशी धरतात ते ठाऊक नव्हतं. गॉर्डन म्हणाला, "व्होयतेख, तू दाखव."

व्होयतेख शिडीवरून उतरला, हात पँटला पुसले आणि छडी घेतली. त्याने ती ब्रिजेटच्या पोटरीला नुसती टेकवली, झाडावरचं कोळिष्टक काढावं तशी. तोंडाने ते पोरांचं गाणंही पुटपुटला, अंड्यांचं. ब्रिजेट खिदळली. आणि व्होयतेख हसला. चांगला मोठ्याने हसला! वर्षभरात माझ्यासमोर तो कधी असा हसलेला नाही.

मी मधे जाऊन उभी राहिले. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. यांना तुमची गंमत वाटते, माकडाचा खेळ वाटतो, आणि तू उड्या मारून दाखवतोस? तुला स्वतःची लाज कशी नाही वाटत?"

"लॉर्ना, मी फक्त—"

"आणि माझ्या दारात असलं काही घेऊन कधी आलास, तर मी पोलिसांना बोलवीन. तुला म्हणून सांगते. कोणालाही म्हणून सांगते!"

व्होयतेखने छडी टेबलावर ठेवली, फार हळू, काचेची असल्यासारखी. "नाही येणार," म्हणाला आणि शिडीवर गेला.

गॉर्डन कोपऱ्यात वहीत काहीतरी खरडत होता. मी त्याला म्हटलं, यातलं अक्षर जरी सिनेमात दिसलं, तर बघ. तो म्हणाला, "तू इतकं चांगलं बोलतेस, की मला लाज वाटते."

संध्याकाळच्या वर्गाला व्होयतेख आला नाही. ट्राममध्ये चिक्कार जागा होती.

२ एप्रिल, शनिवार

काल कामाचा तक्ता मिळाला. सोमवारी सकाळी सातपासून बाहेरचं शूटिंग, सगळ्यांनी हजर राहावं. या शहाण्याला हे माहीतच नाही, की इथे सोमवारी सुट्टी असते. कामगार गावी जातील, दुकानं बंद, ट्रक बंद. अमेरिकेत रविवारी चॉकलेटची अंडी खाल्ली की ईस्टर आटोपतो, तेव्हा जगातही आटोपत असणार!

मी सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नाही.

दुपारी कांद्याच्या सालींत अंडी उकडली. मस्त तांबूस रंग आला. शाळेतल्या मुलांसाठी. शाळा आता बुधवारी उघडणार, पण उकडलेली अंडी टिकतात. थोडं लोणी लावून पुसली की चकाकतात. टोपलीत ठेवून टोपली दाराजवळच्या स्टुलावर ठेवली, कारण स्वयंपाकघरात जागा नाही.

४ एप्रिल, सोमवार

माझं रक्त अजून उकळतंय. क्रमाने लिहिते.

सकाळी लवकर उठले. निळा ड्रेस घातला, कारण बाकीचे धुवायचे होते. आठच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजू लागली. पहिल्या मजल्यावर बेल, मग किंचाळ्या, हशा, गाणं. मग दुसऱ्या मजल्यावर. आमच्या समोरच्या दारावरही थापा पडल्या. समोरची शेजारीण साठीची आहे. ती तर कोंबडीसारखी ओरडत सोफ्याभोवती पळत होती, हे मला इकडे ऐकू येत होतं. मग पावलं माझ्या दारापाशी आली. थांबली. कोणीतरी "शूऽऽ" केलं. आणि सगळेजण चवड्यांवर चालत वर निघून गेले.

चवड्यांवर! घरात मयत असल्यासारखे!

असं चार टोळ्यांनी केलं. इमारतीत एक दार सुटलं नाही, माझं सोडून.

साडेनऊला गॉर्डनचा फोन. "लॉर्ना, कोणीच आलेलं नाही! लाइटमन नाही, ट्रक नाही, साधी बेकरी उघडी नाही. क्रांतीबिंती झाली की काय पुन्हा?"

"ईस्टर आहे."

"ईस्टर काल होता!"

"इथे आजही असतो."

"तुला माहीत होतं."

"मला कोणी विचारलं नाही."

"आणि ब्रिजेटला चार म्हाताऱ्यांनी रस्त्यात गाठून छडीने मारलं!"

मी उठून उभी राहिले. "कशी आहे ती? पोलिसांत गेलीत का?"

"पोलीस कसले? तिने त्यांना च्युइंगगम वाटलं. आता विचारतेय, ते परत कधी येतील."

मी फोन ठेवला.

अकराला, म्हणजे बाराच्या घंटेला, वरच्या मजल्यावरच्या कुचेरोवाबाई ताट घेऊन आल्या. कोकराच्या आकाराचा केक, त्याचं डोकं आधीच कोणीतरी खाल्लेलं. टोपलीतल्या अंड्यांकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्या ड्रेसकडे पाहिलं.

"कोणीच नाही आलं?"

"मी वाट बघत नव्हते."

"दिसतंयच ते. अशाने वाळून जाशील, पोरी. मी नातवंडांना म्हटलंच होतं, जा रे तिच्याकडे. तर धाकटा म्हणतो, आजी, खाली फलकावर लिहिलंय, तुरुंगात टाकतील."

"ती सूचना गेल्या वर्षीची आहे!"

"तारीख कुठे टाकलीस? अक्षर छान आहे म्हणून कोणी काढली नाही." त्या खुर्चीत बसल्या आणि आपल्याच केकचा पाय मोडून तोंडात टाकला. "तुझा तो दिवेवाला सकाळी सातला खालच्या दारात उभा होता."

"कोण, व्होयतेख?"

"हातात छडी, कोरा शर्ट. कचरा टाकायला गेले तेव्हा उभा, दूध आणायला गेले तेव्हाही उभा. म्हटलं, जा की वर. तर म्हणतो, नको, त्यांनी नको म्हटलंय. सूचना वाचली पूर्ण. सहाच्या सहा मुद्दे. मग गेला."

माझा आवाज चढला असावा, कारण बाईंनी ताट स्वतःकडे ओढलं. "मग त्याने वर येऊन एकदा विचारायला काय झालं होतं? माणसाला तोंड दिलंय ना देवाने? मनातलं मनात ठेवायचं आणि मग दुसऱ्याने—"

"तू विचारू देतेस होय कोणाला?"

"म्हणजे काय?"

"बघ, मी सांगायला लागले की तू असं करतेस."

मी गप्प बसले. रागाने.

बाई उठल्या. जाताना दारात म्हणाल्या, "आमच्या गावाकडे मंगळवार बायकांचा असायचा. काल मार खाल्ला ना, मग आज परतफेड. आमची आई बाबांना बिछान्यातच गाठायची. छडी हवी असेल तर नातवाची पडलीय वर."

"मला नकोय."

मग थोड्या वेळाने वर जाऊन घेऊन आले. मी शाळेत मुलांना दाखवणार आहे. बाईंनी आपल्या पेटीतून लाल रिबीन काढून तिला बांधली. मी विचारलं, लालच का? त्या म्हणाल्या, "माझ्याकडे निळीही आहे. पण आज लाल."

५ एप्रिल, मंगळवार

शाळेच्या व्यायामशाळेत मार्सीची खोली उभी केली आहे. खिडक्यांना काळं कापड, आत दिव्यांचा भगभगीत उजेड. आज शेवटचा प्रसंग. ब्रिजेट दोन सुटकेसच्या मधे माझ्यासारखी उभी होती, पिशवी डाव्या खांद्यावर. कालचा दिवस वाया घालवल्याबद्दल गॉर्डन माझ्याशी बोलत नव्हता. फार बरं वाटलं.

मी तिथे व्होयतेखला चार शब्द सुनवायला गेले होते. बाकी काही नाही. छडी पिशवीत मावत नव्हती म्हणून हातात होती.

तो भिंतीपाशी, दिव्यांच्या मोठ्या खटक्याजवळ उभा होता. मी सरळ मार्सीच्या खोलीतून चालत गेले, सुटकेस ओलांडून. ब्रिजेट बाजूला झाली.

"काल तू माझ्या दारापर्यंत येऊन परत गेलास," मी म्हटलं आणि त्याच्या पोटरीवर एक ओढली. टेकवली नाही. ओढली. "अख्ख्या इमारतीत माझं एक दार सुटलं. माणसं चवड्यांवर चालत गेली! मी अंडी घेऊन बसले होते सकाळपासून!"

दुसरी ओढली. त्याने पाय मागे घेतला नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता, माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. त्यानेच तर मी आणखी चिडले. तिसऱ्यांदा हात उचलला, तेवढ्यात त्याने मागे हात नेऊन खटका खाली ओढला.

मिट्ट काळोख. कोणीतरी सुटकेसला अडखळून पडलं.

"दिवे!" गॉर्डन ओरडला. "व्होयतेख, दिवे! अरे, कॅमेरा चालू होता! हाच शेवट आहे माझा, हाच! आलं का काही?"

"काय येणार?" कॅमेरावाला म्हणाला. "चेहऱ्याच्या आधीच काळं झालं."

तेव्हा मला कळलं, की गॉर्डनने माझ्या पाठीमागे हात करून कॅमेरा सुरू ठेवायला सांगितलं होतं. माझ्या पाठीमागे! आणि व्होयतेखला ते दिसत होतं.

काळोखात तो अगदी जवळून म्हणाला, "आता मी बोलू?"

"बोल. पण त्याआधी एक—"

तो नुसता थांबला. मीही थांबले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, चांगलं वाक्य होतं. ते गिळलं.

"आई तुला जेवायला बोलावतेय," तो म्हणाला. "ईस्टरलाच बोलावणार होती. मी सांगायला आलो, जमलं नाही. आमच्या घरात कोणी कोणाला मारत नाही. बाबांना कोंबडी मारवत नाही, शेजाऱ्याला हाक मारतात. आता येत्या रविवारी ये म्हणते."

मी तोंड उघडलं.

"अजून संपलं नाही," तो म्हणाला. "मी पटकथा वाचली. होन्झा कमी बोलतो, ते बरोबर लिहिलंय. का कमी बोलतो, ते गॉर्डनने लिहिलेलं नाही. मला वाटतं, त्याने ते मायेने लिहिलं नाही."

ब्रिजेट कुठेतरी अंधारात हुंदका दिल्यासारखी हसली, किंवा हसल्यासारखी रडली.

"येशील?"

"येईन," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

दिवे लागले. गॉर्डन केस विस्कटून धावत आला. "पुन्हा करा! अगदी तसंच! लॉर्ना, तू तिथून ये, हवं तर ब्रिजेटला छडी दे, ती—"

व्होयतेखने त्याला शांतपणे सांगितलं, "हे तुझं नाही, गॉर्डन. तुझं तिकडे आहे." आणि त्या दोन सुटकेसकडे बोट दाखवलं.

गॉर्डनने आम्हा दोघांनाही कामावरून काढून टाकलं. मी त्याला नाकाने श्वास घेत सांगितलं, की तो पाकीटमार आहे, त्याला घंटासुद्धा कळत नाही, आणि मार्सीचा शेवट त्याने बदलायचा नाही, आता मुळीच बदलायचा नाही. तिला खुशाल परत पाठवावं. तिने एकदाही मागे वळून बघू नये.

जाऊ दे तिला ओहायोला. मला रविवारी जेवायला जायचंय.